किहान्सीचे तुषारभेक

पावसाळ्याच्या आरंभी डबक्यांतून काळे, शेपटीवाले बेडूकमासे वळवळू लागले, की खेड्यापाड्यांतील मुले ते ओंजळीने धरून काचेच्या बरणीत घालतात आणि घरी घेऊन येतात. पहिला दिवस मोठ्या कौतुकाचा जातो. बरणीत भाताची शिते पडतात, पोळीचे तुकडे पडतात. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होऊन त्याला दुर्गंधी येऊ लागते आणि तिसऱ्या दिवशी बहुधा बरणीत जिवंत असे काही उरत नाही. आई रागावते, बरणी परसात रिकामी होते आणि हा प्रकार तेथेच संपतो. बेडकासारख्या क्षुद्र जीवाला सांभाळण्यात अवघड ते काय, अशी आपली समजूत असते. परंतु एके काळी अमेरिकेतील मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांत, ज्यांचे सारे आयुष्य प्राणी सांभाळण्यात गेले अशा जाणत्या माणसांवरही हाच प्रसंग ओढवला होता. फरक एवढाच, की त्यांच्या काचपेट्यांत जे जीव होते ते मेले असते, तर त्या जातीचा एकही प्राणी पृथ्वीच्या पाठीवर उरला नसता.

पूर्व आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात उडझुंग्वा नावाची पर्वतरांग असून तिच्या कड्यावरून किहान्सी नदी एका खोल घळीत उड्या घेत उतरते. पाणी खडकांवर आपटून त्याचे तुषार उडतात आणि त्या तुषारांच्या धुक्यात घळीचा काही भाग बारा महिने न्हाऊन निघतो. जेथे हे तुषार पोहोचतात तेथे शेवाळाची आणि नेच्यांची दाट हिरवळ माजलेली असे. या हिरवळीचे क्षेत्र किती होते? अवघे दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर! आपल्याकडील एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या शेताएवढे. १९९६ साली धरणाच्या कामाच्या निमित्ताने या घळीतील प्राण्यांची व वनस्पतींची पाहणी चालू असता शास्त्रज्ञांना त्या हिरवळीत सोनेरी पिवळ्या रंगाचे, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेच मोठे असे हजारो भेक आढळले. ते जगात दुसरीकडे कोठेही आढळलेले नाहीत.

भेक हा बेडकांच्याच कुळातील प्राणी होय. आपल्याकडे परसात वा अंगणात रात्री दिसणारा, खरबरीत कातडीचा, उड्या मारण्यापेक्षा सरपटत चालणे पसंत करणारा जो जाडाभरडा प्राणी, तो भेकच. किहान्सीचा भेक मात्र जाडाभरडा नाही. त्याच्या मादीची लांबी फार तर तीन सेंटिमीटर आणि नराची त्याहूनही कमी, दोन सेंटिमीटरांच्या आत. शास्त्रज्ञांनी त्याला जे लॅटिन नाव दिले त्यात तुषार या अर्थाचा शब्द आहे. म्हणून त्याला मराठीत तुषारभेक म्हणावयास हरकत नाही. त्याचे आणखी एक नवल असे, की तो अंडी घालीत नाही. बहुतेक बेडकांची अंडी पाण्यात असतात आणि त्यांतून बेडूकमासे निघतात. तुषारभेकाच्या मादीच्या पोटातच पिलांची वाढ होते आणि ती पूर्ण घडलेल्या, चार पायांच्या, पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या पिलांना जन्म देते. मादीच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते, की आतील पिले बाहेरून दिसतात. नवजात पिलू पिवळे नसते. ते काळसर असते आणि वाढता वाढता त्याला सोनेरी रंग चढतो.

ज्या धरणाच्या निमित्ताने या भेकाचा शोध लागला, तेच धरण त्याच्या मुळावर आले. टांझानिया हा काही श्रीमंत देश नव्हे. तेथील घरांना, कारखान्यांना आणि इस्पितळांना विजेची नितांत गरज होती आणि किहान्सीचे पाणी उंचावरून कोसळत असल्याने त्यापासून वीज निर्माण करणे किफायतशीर होते. म्हणून घळीच्या वरच्या अंगाला धरण बांधून नदीचे पाणी बोगद्यातून वीजगृहाकडे वळविण्यात आले. १८० मेगावॉट शक्तीच्या या वीजकेंद्राने त्या देशाच्या गरजेचा मोठा वाटा उचलला. यात कोणाला दोष द्यावा? ज्याच्या घरी दिवा नाही त्याला दिवा हवा, हे उघड आहे. पण २००० साली पाणी वळविताच घळीतील सुमारे नव्वद टक्के प्रवाह नाहीसा झाला, तुषार विरले आणि शेवाळाची हिरवळ वाळू लागली.

तेव्हा दोन उपाय एकाच वेळी योजण्यात आले. पहिला घळीत. शेतकरी पिकांना पाणी देण्यासाठी तुषारसिंचनाच्या तोट्या वापरतात, तशाच नळांचे जाळे घळीतील उतारावर पसरून कृत्रिम तुषार उडविण्याची सोय झाली. दुसरा उपाय समुद्रापलीकडचा होता. २००० सालच्या अखेरीस ४९९ तुषारभेक घळीतून उचलून विमानाने बारा हजार किलोमीटरांहून अधिक दूर, न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. घळीत काही विपरीत घडले, तर निदान हे तरी शिल्लक राहतील, असा हेतू होता. पुढे त्यांतील काही भेक अमेरिकेतील इतर प्राणिसंग्रहालयांतही वाटून ठेवण्यात आले. घरातील सारे दागिने एकाच पेटीत ठेवू नयेत, हा शहाणपणा येथेही उपयोगी होता.

आणि मग भेक मरू लागले.

ते का मरू लागले, हे समजण्यासाठी बेडकाच्या शरीराची घडण थोडी पाहिली पाहिजे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो कातडीने पाणी शोषून घेतो. पोटाखालचा आणि मांड्यांजवळचा पातळ कातडीचा भाग या कामी विशेष उपयोगी पडतो. त्याचा श्वासही काही अंशी कातडीतूनच चालतो. म्हणजे आपली कातडी ही जशी अंगावरची भिंत आहे, तशी बेडकाची नाही. ती जाळीदार पडद्यासारखी आहे. पाण्याबरोबर पाण्यात मिसळलेले पदार्थही तिच्यातून आत शिरतात. शहरातील नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरिन घातलेला असतो. आपल्या पोटात तो गेला तरी फारसे बिघडत नाही. बेडकाला मात्र तो बाधतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर उघडे ठेवल्यास साधा क्लोरिन उडून जातो. परंतु काही शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते तसे उडत नाही, त्यासाठी पाणी खास गाळून घ्यावे लागते. बेडकाच्या स्वतःच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तोही विषारी. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तो वाहून जातो; काचपेटीत साठतो. बरणीतील बेडूकमाशांना मारणारे विष हेच होय. भाताची शिते त्यांच्या पोटात थोडी जातात आणि पाण्यात अधिक कुजतात.

तुषारभेकांच्या बाबतीत अडचण याहूनही नाजूक होती. त्यांना ओलावा हवा, पण साचलेले पाणी नको. घळीतील तुषार अखंड पडत आणि लगेच निथळून जात. हवा सतत हलती असे. काचपेटी नुसती ओली ठेवली, तर ती कोंदट होते, आणि कोंदट ओलाव्यात कातडीचे रोग बळावतात. म्हणून पेट्यांच्या वर बारीक छिद्रांच्या तोट्या बसवून दिवसातून अनेक वेळा, ठरलेल्या घटकेला आपोआप तुषार उडावेत अशी योजना करावी लागली. खाली पाणी निथळून जाण्यासाठी पोकळ तळ केला, आणि झाकणाला जाळी लावून हवा खेळती ठेवली. दिसण्यात ही गोष्ट किरकोळ. पण अशा किरकोळ गोष्टींवरच त्या जीवांचे जगणे अवलंबून होते.

याहून मोठा प्रश्न अन्नाचा. बेडूक खातो काय, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो, "किडे." हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. बेडकाचे डोळे हलत्या वस्तूला टिपतात. समोर मेलेल्या किड्यांचा ढीग पडला असला आणि पोटात भूक असली, तरी बहुतेक बेडूक त्याला तोंड लावणार नाहीत, कारण जे हलत नाही ते अन्न आहे, हे त्यांना उमगतच नाही. किडा हलला, की क्षणार्धात जीभ बाहेर पडते. आपली जीभ मागच्या बाजूला चिकटलेली आणि पुढून मोकळी असते. बेडकाची पुढच्या बाजूला जबड्याला जोडलेली आणि मागून मोकळी असते. म्हणून ती गोफणीसारखी बाहेर फेकली जाते आणि चिकट टोकाला सावज घेऊन परत येते. गिळताना बेडूक डोळे मिटतो, ते चवीमुळे नव्हे. त्याचे बुबुळांचे गोळे आत दबतात आणि घशातील घास पुढे ढकलण्यास हातभार लावतात.

तेव्हा अन्न जिवंत हवे, आणि ते तोंडात मावेल एवढेच हवे. पाच-सहा मिलिमीटरांच्या पिलाच्या तोंडात काय मावणार? रातकिड्याचे नुकतेच अंड्यातून निघालेले पिलू टाचणीच्या डोक्याएवढे असते. नवजात भेकाला तेही मोठे वाटते. त्याहून लहान असे स्प्रिंगटेल नावाचे पांढुरके जीव ओल्या पाचोळ्याखाली राहतात. पोटाखालच्या दुफाट्याच्या झटक्याने ते उड्या मारतात. पाचोळा उलटला असता ठिपक्यांसारखे जे काही उडताना दिसते, ते बहुधा हेच. प्राणिसंग्रहालयातील सेवक त्यांना डब्यांत ओल्या कोळशाच्या तुकड्यांवर वाढवितात आणि खाद्य म्हणून तांदळाचे चार दाणे किंवा थोडे यीस्ट टाकतात. दाण्यांवर बुरशी येते, ती बुरशी हे जीव खातात, आणि त्यांची संख्या भराभर वाढते. पेटीत सोडले आणि भेकांनी लगेच खाल्ले नाहीत, तरी ते शेवाळात राहून तेथील बुरशी फस्त करीत असतात. म्हणजे अन्नही झाले आणि झाडलोटही झाली.

थोड्या मोठ्या भेकांसाठी चिलटे. पिकलेल्या केळ्यांभोवती जी लालसर डोळ्यांची बारीक माशी घोंघावते, तीच ही. ती उडून गेली तर भेकाच्या काय उपयोगाची? म्हणून ज्यांना उडता येत नाही अशा जातीची चिलटे मुद्दाम वाढवितात. बरणीत कुस्करलेले केळे किंवा पिठाचा लगदा आणि किंचित यीस्ट घालून त्यात काही चिलटे सोडली व तोंडाला कापड बांधले, की उबदार हवेत दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. पण एकाच बरणीवर विसंबून चालत नाही. एखादे वेळी बरणीत बारीक कोळी-किडे शिरतात, एखादे वेळी लगद्यावर हिरवी बुरशी चढते, आणि सारी बरणी वाया जाते. त्यामुळे दर दोन-चार दिवसांनी नवी बरणी लावण्याचा क्रम कधीही चुकवून चालत नाही. ज्याने भेक पाळले, त्याला आधी चिलटे पाळावी लागतात. आणि खरे सांगावयाचे, तर दिवसाचा अधिक वेळ चिलटांच्याच सेवेत जातो!

एवढे करूनही पोट भरले म्हणजे पोषण झाले, असे नाही. रानात बेडूक दिवसभरात नाना जातींचे किडे खातो, आणि ते किडे नाना जातींच्या वनस्पतींवर वाढलेले असतात. पेटीत त्याला रोज तेच रातकिडे आणि तीच चिलटे मिळतात. या किड्यांच्या अंगात फॉस्फरस पुष्कळ असतो आणि कॅल्शियम अगदी थोडे. कॅल्शियमवाचून हाडे ठिसूळ व मऊ होतात, पाय वाकतात. मुलांना होणाऱ्या मुडदुसासारखाच हा विकार आहे. म्हणून किडे पेटीत टाकण्यापूर्वी एका भांड्यात घेऊन त्यांच्यावर कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पूड टाकतात आणि भांडे हलवितात. किडे पिठात घोळल्यासारखे पांढरे होतात. मग ते तत्काळ वाढावे लागतात. कारण किडाही स्वच्छतेचा भोक्ता असतो आणि थोड्याच वेळात अंगावरची पूड झाडून टाकतो. रातकिड्यांना आदल्या दिवशी हिरवा भाजीपाला व सकस खाद्य भरपेट खाऊ घालतात, तेही याच हेतूने. किड्याच्या पोटात जे असेल, तेच शेवटी भेकाच्या पोटात जाणार.

कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते पुष्कळ प्राण्यांच्या कातडीत सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तयार होते. येथे एक फसगत आहे. पेटी खिडकीपाशी ठेवली, म्हणजे ऊन मिळाले, असे वाटते. परंतु साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, हे उपयोगी अतिनील किरण मात्र जवळजवळ येत नाहीत. म्हणून तुषारभेकांच्या पेट्यांवर असे किरण देणारे खास दिवे लावण्यात आले.

आहारातील उणीव किती विचित्र रूप घेते, याचे एक उदाहरण अमेरिकेतीलच दुसऱ्या एका भेकाचे आहे. वायोमिंग नावाच्या राज्यातील भेकही रानातून नाहीसे होत आल्याने पेट्यांत वाढविले जात होते. सेवकांच्या असे ध्यानात आले, की काही भेक रातकिड्यावर नेम धरून जीभ फेकतात, पण सावज हाती लागत नाही. पुन्हा फेकतात, पुन्हा चुकतात. समोर अन्न, पोटात भूक, आणि भेक रोडावत चाललेले. त्यांच्या जिभा आखूड झाल्या असाव्यात, अशा समजुतीने या विकाराला 'आखूड जिभेचा रोग' असे नावही पडले. नंतर बारकाईने तपासता असे आढळले, की जिभांची लांबी ठीकच होती. जिभेवर चिकट द्रव निर्माण करणाऱ्या पेशींची जागा कोरड्या, कठीण पेशींनी घेतली होती. जीभ किड्याला लागत होती, पण किडा जिभेला चिकटत नव्हता. कारण होते अ जीवनसत्त्वाचा अभाव. रातकिड्यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. ते अन्नात मिळू लागल्यावर सुधारणा झाली. रोगाचे नाव मात्र चुकीचेच राहिले आहे!

किहान्सीच्या भेकांची कहाणी याच काळातील. हे सारे ज्ञान तेव्हा आजच्याइतके हाताशी नव्हते. तुषारभेकाला काय मानवते आणि काय नाही, हे तर कोणालाच ठाऊक नव्हते, कारण त्याचा शोध लागून जेमतेम चार वर्षे झाली होती. काहींच्या फुप्फुसांत कृमी झाले, काहींना जंतुसंसर्गाने गाठले, काहींना आहार पुरला नाही. पिले जन्मत, पण जगत नसत. एकामागून एक संग्रहालयांतील पेट्या रिकाम्या झाल्या. ४९९ भेकांपासून आरंभ झालेल्या या कुटुंबात २००४ च्या डिसेंबरात सत्तरही जीव उरले नव्हते, आणि तेही केवळ ब्राँक्स व टोलिडो या दोनच ठिकाणी.

तिकडे घळीत काय चालले होते? कृत्रिम तुषारांमुळे हिरवळ पुन्हा थोडी सावरली आणि २००३ च्या मध्यास तेथे सुमारे वीस हजार भेक असावेत, असा अंदाज निघाला. सर्वांना हायसे वाटले. मात्र त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांत, ते जणू कोणी पुसून टाकावे तसे नाहीसे झाले. २००४ च्या जानेवारीत शोध घेता केवळ तीन भेक दिसले आणि दोन नरांचा आवाज तेवढा ऐकू आला. मेलेल्या भेकांच्या कातडीत एक सूक्ष्म बुरशी सापडली. ही बुरशी बेडकांच्या कातडीत वाढते आणि तिच्यातून होणारी क्षारांची ने-आण बिघडवते; रक्तातील क्षार घटले, की हृदय बंद पडते. शास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन १९९९ मध्ये केले, आणि त्यानंतर अनेक खंडांतील बेडकांच्या नाशामागे तीच असल्याचे दिसून आले. धरणातील गाळ सोडल्यामुळे घळीत विषारी द्रव्ये आली असावीत, अशीही शंका घेतली गेली. कारण एक असो वा अनेक, पुढे घळीत भेक दिसेनासे झाले, आणि २००९ साली 'वन्य स्थितीत नामशेष' अशी त्यांची जागतिक नोंद झाली.

म्हणजे २००४ च्या अखेरीस, घळ रिकामी आणि दोन शहरांतील काही काचपेट्यांत साठ-सत्तर भेक, अशी स्थिती होती. एखाद्या रात्री तुषारांचा पंप बंद पडला, एखाद्या सेवकाच्या बुटाला लागून रोगाचा जंतू आत आला, तरी सारा खेळ संपला असता. अशा वेळी थोर विचारांपेक्षा रोजची शिस्त कामी येते. भेकांच्या खोलीत जाणाऱ्यांनी वेगळे बूट घालावयाचे, ते जंतुनाशक द्रावणात बुडवावयाचे. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हात घालण्यापूर्वी हातमोजे बदलावयाचे. एका पेटीची चिमटी, झारी वा डबा दुसरीला लावावयाचा नाही. नवा जीव आला, तर तो अनेक दिवस वेगळ्या खोलीत ठेवावयाचा आणि त्याची विष्ठा तपासावयाची. पेट्यांतून निथळलेले पाणीही तसेच गटारात सोडावयाचे नाही. त्यातील जंतू मारूनच ते सोडावयाचे. यांत कोठेही पराक्रम नाही. परंतु एक दिवस चुकून चालत नाही, हीच त्यातील कसोटी.

हळूहळू दिवे, तुषार, खाद्य आणि औषध यांचा मेळ बसला. पिले जगू लागली. २००५ च्या नोव्हेंबरात टोलिडोच्या संग्रहालयाने काही भेक लोकांना पाहण्यासाठी एका पेटीत मांडले. त्या वेळी साऱ्या जगात हा प्राणी प्रेक्षकांना पाहावयास मिळण्याचे ते एकच ठिकाण होते. काही वर्षांत दोन्ही संग्रहालयांत मिळून त्यांची संख्या हजारांवर गेली. एका पेटीत एखादा भेक मोजावयाचा म्हणजे शेवाळाचा प्रत्येक झुबका हलक्या हाताने उचलून पाहावा लागतो. हजारो भेक मोजणाऱ्यांच्या चिकाटीची कल्पना यावरून यावी.

पण परक्या देशातील पेटीत वाढलेला भेक सुरक्षित असला, तरी तो घरी नव्हता. टांझानियातील तरुणांनी अमेरिकेतील संग्रहालयांत राहून भेकांची निगा शिकून घेतली. दार-एस-सलाम येथील विद्यापीठात भेकांसाठी खास खोल्या उभारण्यात आल्या आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये शंभर भेक विमानाने मायदेशी परतले. दरम्यान घळीतील नळांचे जाळे चालू ठेवण्यात आले होते. भेक नसतानाही तुषार उडत होते आणि शेवाळ हिरवे राहिले होते. २०१२ साली आधी थोडे भेक घळीत प्रयोगादाखल ठेवून तेथील बुरशीपुढे ते तग धरतात की नाही, हे पाहण्यात आले. त्यानंतर त्याच वर्षी सुमारे दोन हजार भेक त्या तुषारांखाली सोडण्यात आले. रानातून पूर्णपणे नाहीसा झाल्याची नोंद झालेला बेडूककुळातील प्राणी पुन्हा आपल्या मूळ जागी सोडण्याचा जगातील हा पहिलाच प्रसंग म्हणून सांगितला जातो.

ते तेथे कायमचे रुजले, असे म्हणण्याची घाई कोणीही केली नाही. पेटीत जन्मलेल्या भेकाला पांढरी पूड लावलेली चिलटे रोज ठरलेल्या वेळी मिळत. घळीत त्याला स्वतःच शोध घ्यावा लागतो. तेथे कोळी आहेत, खेकडे आहेत, मुंग्या आहेत, आणि ती बुरशीही आहे. म्हणून पुढील वर्षांतही वेळोवेळी नवे भेक सोडावे लागले. त्यासाठी खुद्द किहान्सीजवळही भेक वाढविण्याची सोय करण्यात आली. वर धरणाच्या बोगद्यातून पाणी वीजगृहाकडे जाते, त्यातील थोडासा हिस्सा नळांतून घळीत उतरतो, आणि खाली भेकांच्या खोलीत कोणीतरी चिलटांची नवी बरणी लावून तिच्यावर तारीख लिहीत असतो.